ताबडतोब गेटवर यावे

मी सिनेमाच्या टॉकीजमध्ये काचेवर नावं लिहीत असे. हे काम काय होतं ते आता समजावून सांगावं लागतं. माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही पडद्यावर मेसेज टाकायचे." एका अर्थी बरोबर आहे.

हिंगोलीच्या कडेला, कळमनुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती टॉकीज होती. मालकांनी तिला मोठं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण गावात तिला शेवटपर्यंत 'नवी टॉकीज'च म्हणत. पत्रे गंजले, खुर्च्यांच्या पोटातला काथ्या बाहेर आला, तरी ती नवीच. मागच्या वर्षी ती पाडली. तिथं आता मंगल कार्यालय होतंय. त्याच्या जाहिरातीचा फ्लेक्स माझ्याच दुकानात छापला. पोट त्याच्यावर आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'टॉकीजच्या गमतीजमती' लिहायला सांगितलं. गमती होत्या, त्या आधी सांगतो. पण माझ्या मनात टॉकीज म्हटलं की एकच दुपार येते. ती न लिहिता बाकीचं लिहिणं मला खोटं वाटेल.

आधी काम सांगतो. त्या काळी फोन थोड्या घरांत होते आणि खिशात तर कुणाच्याच नव्हता. माणूस एकदा टॉकीजच्या अंधारात शिरला की तीन तास तो कुणाचाच नसे. आणि तेवढ्यात घरी काही झालं, पाहुणे आले, म्हैस अडली, कुणाची तब्येत बिघडली, की घरचं कुणीतरी सायकलवर किंवा जीपला लटकून टॉकीजच्या गेटवर येई. डोअरकीपर नामदेवमामा त्याला नाव-गाव विचारत, चिठ्ठी वर केबिनमध्ये पाठवत आणि मी ते नाव काचेवर लिही. तळहाताएवढी चौकोनी काच. रॉकेलच्या चिमणीवर धरून तिला काजळी चढवायची आणि सुईनं त्या काजळीत अक्षरं कोरायची. काच यंत्रात डोकं खाली करून घालावी लागते. पहिल्या दिवशी मी ती सरळ घातली. पडद्यावर खताच्या दुकानाची जाहिरात शीर्षासन करून उभी राहिली आणि लोकांनी पिक्चरला वाजवल्या नसतील एवढ्या शिट्ट्या वाजवल्या.

मला नोकरी मिळाली तीच अक्षरामुळे. मशीन चालवणारे ऑपरेटर रज्जाकभाई म्हणायचे, "पेंटर, तेरा अक्षर देखके लोगां पिक्चर भूल जाते रे." मला पेंटर हेच नाव पडलं. मी खुश व्हायचो. बावीस-तेवीसचं वय, आणि आपलं अक्षर बैलगाडीएवढं होऊन पडद्यावर उमटतंय, शेकडो माणसं ते वाचतायत. बाहेर कोणी मला ओळखत नसे. वस्तीतल्या पोरांच्या जयंतीच्या कमानी मी रंगवायचो, तेवढीच ओळख.

कामाचा एक नियम होता. काचेवर वाईट बातमी लिहायची नाही. कुणी वारलं असलं तरी काचेवर एकच वाक्य: 'अमुक अमुक, राहणार अमुक, यांनी ताबडतोब गेटवर यावे.' बाकीचं जे काही असेल ते नामदेवमामा गेटवर, पाण्याच्या रांजणाशी नेऊन, हळू आवाजात सांगत. पण लोक काही खुळे नव्हते. पडद्यावर नाव आलं की त्या रांगेतली कुजबूज थांबायची. उठणारा माणूस चपला शोधायचा, त्या सापडायच्या नाहीत, आणि तो तसाच अनवाणी बाहेर यायचा.

सगळेच असे नव्हते. एक गृहस्थ होते, जवळच्याच एका गावचे, पंचायतीत निवडून आलेले. ते पिक्चरला आले की थोड्या वेळानं त्यांचा एक माणूस गेटवर येई आणि त्यांना बोलवायला सांगे. नाव लागलं की गृहस्थ उठत, धोतराचा सोगा हातात घेत आणि मधल्या वाटेनं इतक्या सावकाश चालत की त्यांचा पांढरा फेटा पडद्याच्या उजेडात सगळ्यांना दिसावा. गेटवर येऊन विडी ओढत आणि परत जाऊन बसत. नामदेवमामांनी एकदा त्यांना विचारलं, "काय निकडीचं होतं का, दादा?" ते म्हणाले, "लई निकडीचं. आता झालं." पुढच्या वेळी मामांनी चिठ्ठीवर त्यांच्या नावाआधी 'माननीय' लिहून पाठवलं. मी तेही लिहिलं.

आणखी एक जण आठवतात, शाळेतले एक मास्तर. त्यांचा मुलगा कॉलेजला जातो म्हणून निघायचा आणि आमच्याकडे येऊन बसायचा. मास्तरांनी त्याला बोलवायला सांगितलं. नाव लावलं. कोणी उठलं नाही. पुन्हा लावलं. आतून एक जण ओरडला, "गेला, गेला, मागच्या दारानं गेला." मास्तर गेटशेजारच्या बाकावर बसून राहिले. सगळे लोक बाहेर पडेपर्यंत बसले. मुलगा शेवटी आला, मान खाली घालून. मास्तर एवढंच म्हणाले, "चहा घेतो का?" दोघं टपरीवर गेले. मी वरच्या खिडकीतून बघत होतो.

आता ती दुपार.

मंगळवार होता, बाजाराचा दिवस. बाजारच्या दिवशी दुपारचा खेळ भरून जाई. आसपासच्या गावांची, तांड्यांवरची माणसं बाजार उरकून पिक्चर बघून मगच घरी जात. खेळ सुरू होऊन बराच वेळ झाला होता. टॉकीजसमोर रस्त्यावर एक काळी-पिवळी जीप थांबली, नांदेडला जाणारी. तिच्यातून एक बाई उतरली आणि पळत गेटवर आली. तिचं नाव शेवंताबाई, हे मला नंतर कळलं. कळमनुरीच्या बाजूच्या एका तांड्यावरची, पंचविशीच्या आतबाहेरची. जीपमध्ये तिची धाकटी जाऊ बसली होती आणि जावेच्या मांडीवर शेवंताबाईचं लेकरू, तीन वर्षांचं. पोरगं पाण्याची बाटली समजून रॉकेल प्यायलं होतं. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि श्वास लागलाय, नांदेडला न्या म्हणून सांगितलं. मोठ्या दवाखान्यात लेकराचा बाप सोबत हवा, सह्या लागतील, असंही सांगितलं. बाप सकाळी बाजारात फवारणीचा पंप दुरुस्त करायला म्हणून आला होता. तांड्यावरच्या कुणीतरी त्याला नव्या टॉकीजमध्ये शिरताना पाहिलं होतं.

नामदेवमामांनी नेहमीसारखं विचारलं, "नाव सांगा."

"पिंट्याचे बाप."

"पिंट्याच्या बापाचं नाव काय?"

ती गप्प. मामांना कळलं. त्या वेळी आमच्या भागात नवऱ्याचं नाव घेणारी बाई सापडणं अवघड होतं. गावात, वस्तीत, तांड्यावर, सगळीकडे तेच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. लग्नात उखाण्यात घेतात तेवढंच, पुन्हा नाही. एरवी आम्हाला ही अडचण कधी आली नव्हती, कारण बोलवायला येत ते बहुतेक पुरुष, आणि बाई आलीच तर लेकाला नाहीतर भावाला बोलवायला. मामा जीपकडे पळाले आणि जावेला विचारलं. तिनं पदर पुढं ओढून मान हलवली. तिला तर तो मोठा दीर, तिनं तर मुळीच घ्यायचं नाही. जीपमधल्या बाकीच्यांना तो माहीत नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, मी जास्ती थांबणार न्हाई. पॅशिंजर बोंबलून राहिले."

मामांनी चिठ्ठी पाठवली ती अशी: 'पिंटूचे वडील, तांडा.' मी तशीच काच लिहिली. गेटवर काय चाललंय ते मला वर ठाऊक नव्हतं. एवढंच वाटलं, की हे नाव अर्धवट आहे. खाली जाऊन विचारावं असं वाटलं, गेलो नाही.

इथं कामातली एक गोष्ट सांगायला हवी. चालू पिक्चरवर काच लावली की अक्षरं चित्राच्या अंगावर पडतात. चित्रात रात्र असेल तर अक्षरं लख्ख दिसतात, दिवस असेल तर विरून जातात. त्या वेळी पडद्यावर उन्हातलं गाणं चालू होतं, सगळं पिवळंधमक शेत. रज्जाकभाईंना कुठल्या रिळात अंधार कधी येतो ते पाठ होतं. ते म्हणाले, "ठैर. गाना होने दे. फिर गोदाम का सीन है." आम्ही थांबलो. गोदाम आलं, काच लावली, पुष्कळ वेळ ठेवली.

गेटवर चार माणसं आली. चौघंही पिंटूचे बाप, चौघंही तांड्यांवरचे, आणि चौघांच्याही तोंडचं पाणी पळालेलं. शेवंताबाई प्रत्येकाकडे बघून मान हलवत होती. त्यातला एक तरी तिच्या नवऱ्याला ओळखणारा निघावा, तर तसंही नाही. चौघंही वेगवेगळ्या तांड्यांवरचे. एक जण तर आपलंच पोरगं असेल म्हणून जीपमध्ये डोकं घालून बघून आला. खात्री झाल्यावर तो तिथंच खाली बसला.

खरा बाप उठलाच नव्हता. त्यानं नंतर बायकोला सांगितलं, की मी काच वाचली होती. पण घरी तर पंपाचं सांगून आलोय, मी इथं आहे हे कुणाला माहीत? असतील दुसरे कुणी पिंटूचे बाप.

तेव्हा मी खाली उतरलो. जीपचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. बाई भिंतीला धरून उभी होती. रडत नव्हती. तिच्या हातात लेकराची एक चप्पल होती.

मी म्हणालो, "बाई, नाव सांगितल्याशिवाय माणूस सापडणार न्हाई. आत सातशे माणूस आहे."

ती म्हणाली, "दिवा लावा न् आतला. म्या बघते न् वळखते."

"मधी दिवे लावता येत न्हाईत. लोक खुर्च्या मोडतेत."

हे मालकांचं वाक्य होतं. ते माझ्या तोंडून आपोआप आलं. दिवे लावता आले असते. लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या, एवढंच.

नामदेवमामा म्हणाले, "माय, लेकराकडं बघ. घे नाव. देवाला समजतं सगळं."

तिनं आम्हाला तोंडं फिरवायला सांगितली. मामा फिरले, मी फिरलो, ते चार बापही फिरले. तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिथं पुढच्या शुक्रवारी लागणाऱ्या पिक्चरचं पोस्टर होतं. त्याच्याकडे बघून ती स्पष्ट म्हणाली, "वसराम राठोड." मग गावाचं नाव. आवाज हलला नाही. तिनं ते इतक्या नीट उच्चारलं, की आजही मला ते तसंच ऐकू येतं.

मी पायऱ्या दोन-दोन चढून वर गेलो. काजळी धरली, सुई घेतली, लिहिलं. आणि मग मी एक गोष्ट केली. 'राठोड'मधला ठो वाकडा आला होता. मी काच पुसली आणि पुन्हा लिहिली. कोणी सांगितलं नव्हतं. हात तसाच चालत असे. खाली एक लेकरू श्वासासाठी धडपडत होतं आणि मी ठोची गाठ नीट करत होतो.

रज्जाकभाईंनी काच घेतली, पडद्याकडे पाहिलं. पुन्हा उजेडाचा सीन होता, पंचायत भरलेली. त्यांनी मला काही न विचारता पिक्चरच्या मशीनचं झाकण पाडलं. पडदा काळा झाला, आवाज तेवढा चालू राहिला, आणि त्या काळ्यावर एकटं नाव उमटलं. रज्जाकभाईंनी नोकरीत असं कधी केलं नव्हतं. आत एकच गोंगाट झाला. शिव्या, शिट्ट्या, खुर्च्यांचे आवाज. शेवंताबाई दाराच्या पडद्याच्या कडेला उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मामांना विचारलं, "ह्येच का?" मामा म्हणाले, "व्हय, ह्येच."

वसराम उठला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दुरुस्त झालेला पंप होता. पंप खरंच दुरुस्त केला होता त्यानं. दोघं जीपमध्ये चढले आणि जीप गेली.

पोरगं वाचलं. आठवड्यानं मामांना बाजारात कळलं आणि त्यांनी वर येऊन आम्हाला सांगितलं. रज्जाकभाईंनी सगळ्यांना चहा पाजला. मॅनेजरांनी रज्जाकभाईंना आणि मला बोलवून झापलं होतं, त्याचं काही वाटेनासं झालं.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती संपादकांना हव्या त्या गमतीजमतींमध्ये घातली असती. पण त्या चार बापांनी ती बाजारात सांगितली. 'नवऱ्याचं नाव पडद्यावर लावणारी बाई' अशी ती फिरली. पुढच्या मोसमात वसराम बायकोला घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर खाली, साखर कारखान्यांच्या भागात गेला. उसाची ट्रॉली उलटली, वसराम तिच्याखाली सापडला आणि गेला.

मला हे तिकीटखिडकीवर कळलं. त्या दिवशी तिकीटवाला आला नव्हता म्हणून मी बसलो होतो. एक म्हातारा गिऱ्हाईक तिकीट घेता घेता सहज बोलला, "त्यो नावाचा मानूस गेला म्हनं. हितं नाव लागलं न्हवं का त्याचं. तव्हाच आयुष्य सरलं त्याचं." मागचा म्हणाला, "सासू आता सुनेला घरात घेऊन न्हाई राहिली. माझ्या लेकाला हिनं खाल्लं म्हनती." आणि दोघं आपापली तिकिटं घेऊन आत गेले.

आमच्या घरात बुद्धवंदना होते. शाळेत असल्यापासून मी अंधश्रद्धेवर भाषणं केली आहेत, बक्षिसं घेतली आहेत. नाव घेतल्यानं माणूस मरत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे. तरीही त्या दिवसानंतर सुई धरली की मला पोस्टरकडे तोंड करून उभी राहिलेली ती बाई दिसायची. तिला मी बोलायला लावलं, ते मी लिहिलं, तेही घोटून, सुंदर अक्षरात. माझं डोकं एक सांगे आणि हात दुसरंच. लोकांतही ती समजूत पसरली. नाव लावून घ्यायला कोणी तयार होईना. आधी बायका म्हणाल्या, नको, आम्ही थांबतो. मग पुरुषही थांबू लागले. त्या माननीय गृहस्थांनी तर आपला माणूस पाठवणंच बंद केलं. पुढं फोन आले, आणि काचेचं काम तसंही संपलं. टॉकीज चालू होती तोवर मी तिथंच राहिलो. तिकिटं फाडली, जाहिराती रंगवल्या, शेवटी शेवटी कुलूप लावायचं कामही माझ्याकडेच होतं. रज्जाकभाई आणि मामा आता नाहीत.

शेवंताबाईकडे मी कधी गेलो नाही. तांडा लांब नव्हता. जायचं म्हणून दोनदा निघालोही, पण काय बोलणार ते ठरेना म्हणून परत फिरलो.

टॉकीज पाडल्यावर थोड्या दिवसांनी एका फ्लेक्सच्या कामासाठी वारंगा फाट्याला गेलो होतो. ज्याच्याकडे काम होतं तो म्हणाला, चला, पिंटूच्या टपरीवर भजी खाऊ. टपरीवर एक उंच माणूस ट्रकवाल्यांना चहा देत होता आणि कढईसमोर एक बाई बसली होती. केस पांढरे झाले होते. मी तिला ओळखलं नाही. तिनंच मला बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी टाकीजवाले ना?"

माझा सोबती काम आटपून निघून गेला. मी बाकावर बसून राहिलो. जे इतकी वर्षं ठरत नव्हतं ते बोलून टाकलं. म्हणालो, "बाई, मी तुमाला नाव घ्यायला लावलं. पुढं जे झालं त्याचं ओझं माझ्या मनावर आहे."

तिनं झाऱ्यानं भजी उलटली. "तुमी काहून लावसाल? नाव म्या घेतलं."

"पण मी म्हणालो म्हणून..."

"तुमी म्हनले म्हनून म्या घेतलं न्हाई. लेकरासाठी घेतलं. पुन्यांदा तसं झालं तर पुन्यांदा घेईन." मग तिनं झारा कढईच्या काठावर आपटला. "अन् त्याच्यानं मानूस मरतो म्हनता का तुमी? शिकलेले दिसता."

तिनं कढईखालचा जाळ कमी केला.

"ट्रालीचा खटका तुटला होता. धा बार सांगितलं होतं मुकादमाला, दुसरी द्या म्हनून. म्या तिथंच होते. मला ठावं हाय कशानं मेले ते."

तिनं कढईतून घाणा काढला, नवा सोडला. मला वाटलं, बोलणं संपलं. मी उठणार तेवढ्यात ती म्हणाली, तेलाकडेच बघत, "तुमचं एक मात्र चुकलं बगा. तुमी आले न्हाई."

"कधी?"

"सासूनं मला भाईर काढलं तव्हा. पंचायत बसली होती तांड्यावर. मी म्हनत होते, लेकरू मरत होतं, जीप निघून राहिली होती, दुसरा विलाज नव्हता. कोनी मानंना. म्हने, हिला मोठ्या पडद्यावर मिरवायचं होतं. म्या म्हनलं, टाकीजवाल्यास्नी इचारा, ते होते तिथं. मानूस पाठवला होता तुमच्याकडं. तुमच्याकडला कोनी आलं न्हाई."

मी आठवून पाहिलं. एक माणूस आला होता खरा. त्यानं मामांना विचारलं होतं आणि मामांनी मला. तांड्याच्या भांडणात आपण कशाला, मालकांना आवडणार नाही, असं मीच म्हणालो होतो. ते मी विसरून गेलो होतो. पूर्ण विसरलो होतो. इतकी वर्षं मी काचेचं ओझं वागवत आलो आणि हे माझ्या लक्षातही नव्हतं.

मी तिला तसं सांगितलं, जसंच्या तसं. ती म्हणाली, "व्हय. असंल." माफही केलं नाही आणि रागही केला नाही. माहेरी राहिले, मग भावानं ही जागा धरून दिली, पिंटूला हिथंच मोठा केला, एवढं तिनं सांगितलं. सासू शेवटी तिच्याकडेच येऊन राहिली आणि तिच्याच हातचं पाणी पिऊन गेली. हेही तिनं भज्यांच्या पिठात मीठ घालता घालता सांगितलं.

पिंटूनं मला चहा दिला. त्याला आम्ही काय बोलतोय ते ठाऊक असावं. तो परत ट्रकवाल्यांकडे गेला.

मग ती म्हणाली, "एक इचारू का? त्या पिच्चरचं पुढं काय झालं होतं?"

मला कळलं नाही.

"ते अर्ध्यातून उठले होते ना. नांदेडला दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या अर्धा पिच्चर त्यांनी मला सांगितला. दोन भाऊ, एक गोदामात कोंडलेला, पंचायत बसलेली. परत आले तव्हा पिच्चर उतरला होता. उसाच्या फडात ज्याला त्याला इचारायचे. एक म्हने धाकटा मेला, एक म्हने थोरला पोलीस झाला. कोनी धड सांगितलंच न्हाई. शेवटपत्तर त्यांच्या डोक्यात तेच होतं."

तो पिक्चर मी आठवडाभर रोज पाहिला होता. सांगायला सुरुवात केली. पंचायत मोठ्या भावाविरुद्ध निकाल देते. मग कळतं की गोदामाला आग चुलत्यानं लावली. मध्येच दोन गिऱ्हाइकं आली. तिनं त्यांची भजी बांधून दिली, सुटे दिले आणि म्हणाली, "हां, चुलत्यानं लावली. मग?" मग भाऊ भावाला ओळखत नाही, मारामारी होते, आई मध्ये पडते, गोळी आईला लागते. ती झारा हातात धरून ऐकत होती. मी सांगितलं की शेवटी आई मरता मरता दोघांचे हात एकमेकांच्या हातात देते, दोघं रडतात, आणि पिक्चर संपतो.

"धाकटा मरत न्हाई?"

"न्हाई."

"अन् चुलता?"

"चुलत्याला पोलीस नेतात."

तिनं कढईतली भजी उलटली.

"एवढंच व्हय," ती म्हणाली. "आन् हे वसराम म्हनत होते, शेवट लई भारी असंल."

मी म्हणालो, "एवढंच होतं."

तिनं घाणा काढून घेतला, तेल निथळू दिलं, आणि एका कागदावर माझ्यासाठी भजी बांधली.